डोक्याचा मुका मार आणि प्रकाशाचा उपचार

अंगावर कोठे खरचटले, रक्त आले, की घरातली सारी माणसे हळदीचा डबा घेऊन धावतात. मुक्या माराचे तसे नाही. तो दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर भोवतालच्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो. हा मुका मार डोक्याला बसला तर माणसाची स्थिती फारच अवघड होते. स्कूटरवरून पडलेला एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. क्षणभर शुद्ध हरपली, इस्पितळात नेले, सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही, आणि ‘सर्व ठीक आहे’ असे सांगून त्याला घरी पाठवले. तीन महिने उलटतात. हा गृहस्थ सकाळी अकरा वाजताच थकून जातो. साध्या हिशेबात चुकतो. ट्यूबलाइट त्याच्या डोळ्यांना खुपते. रात्री दोन वाजेपर्यंत झोप नाही आणि सकाळी काही केल्या उठवत नाही. घरातली माणसे आधी काळजी करतात, मग आपापसांत कुजबुजतात, आणि शेवटी कोणीतरी बोलून जाते, “आता पुरे झाली ही सोंगे.”

अशा घरात आशेला शिरायला फट लागत नाही. कोणी सांगतो, परदेशात आता प्रकाशाने मेंदू बरा करतात. कोणी तांबड्या दिव्यांनी मढवलेले शिरस्त्राण दाखवतो, कोणी निळ्या उजेडाची पेटी. दोन्ही वस्तू ‘प्रकाशचिकित्सा’ या एकाच नावाने विकल्या जातात. वस्तुतः त्या अगदी भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात प्रकाश डोळ्यांवाटे जातो, आणि मेंदूपर्यंत पोचतो तो प्रकाश नव्हे, प्रकाशाची वार्ता. दुसऱ्या प्रकारात प्रकाशाने कातडी आणि हाड भेदून प्रत्यक्ष मेंदूच्या पेशीपर्यंत जावे अशी अपेक्षा असते. पहिल्याच्या बाजूने थोडाफार पुरावा जमलेला आहे. दुसऱ्याच्या बाजूने अद्याप मुख्यतः आशाच आहे. हा फरक नीट ध्यानात यावा एवढ्यासाठीच आजचा हा प्रपंच.

प्रकाश हे औषध असू शकते, ही कल्पना थट्टेवारी नेण्यासारखी मुळीच नाही. डेन्मार्कमध्ये नील्स फिन्सेन नावाचा डॉक्टर होऊन गेला. चेहऱ्याच्या कातडीला होणाऱ्या क्षयावर त्याने तीव्र प्रकाशाचा झोत वापरला, १८९६ साली कोपनहेगनला त्यासाठी संस्था काढली, आणि १९०३ साली त्याला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण याच फिन्सेनने १८९३ साली आणखी एक गोष्ट प्रतिपादन केली होती. देवीच्या रोग्याला तांबड्या उजेडाच्या खोलीत ठेवावे, म्हणजे व्रण कमी राहतात, असे त्याचे म्हणणे होते. ते पुढे टिकले नाही. माणूस तोच, तळमळ तीच, विषयही प्रकाशाचाच. एक गोष्ट खरी ठरली, दुसरी पडली. अभ्यासकाच्या लौकिकावरून उपचाराची किंमत ठरवता येत नाही, हे येथे मुद्दाम नमूद करून ठेवतो. पुढे ते उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट इंग्लंडातली आहे. एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील इस्पितळात जीन वॉर्ड या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांची देखभाल करीत. ऊन चांगले पडले की त्या बाळांना बाहेर अंगणात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखवले. अंग फिकट झाले होते, पण जेवढ्या भागावर चादरीचे टोक आले होते तेवढा तुकडा पिवळाधमक राहिला होता. उजेडाने कावीळ उतरते हे असे कळले. १९५८ साली तेथील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि आज जगभर नवजात बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात ते त्याच निरीक्षणामुळे. आपल्याकडच्या आज्या तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरीत आल्या, त्यांना या बातमीचे नवल वाटले नसते. मात्र कावीळ झालेल्या बाळाला आज केवळ उन्हाच्या भरवशावर घरी ठेवणे धोक्याचे आहे. दिव्याखालचा उपचार मोजूनमापून करता येतो, ऊन मोजता येत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ऑगस्टस प्लेझंटन नावाचे एक सेनाधिकारी होते. निळ्या काचांच्या घरात द्राक्षवेल भराभर वाढतो असे पाहून, निळ्या काचेतून आलेल्या प्रकाशाने माणसाचेही रोग बरे होतात असे त्यांनी ठरवून टाकले. १८७६ साली त्यांचे पुस्तक निघाले. तेही निळसर कागदावर, निळ्या शाईने छापलेले. लोकांनी खिडक्यांना निळी तावदाने बसवण्याचा सपाटा लावला. वर्ष-दोन वर्षांत ही लाट ओसरली. त्यानंतरचा प्रसंग तर आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १८७३ साली मुंबईत जन्मलेले दिनशा घडियाली पुढे अमेरिकेत गेले. १९२० साली त्यांनी ‘स्पेक्ट्रो-क्रोम’ नावाचे यंत्र काढले. आत एक मोठा दिवा, पुढे रंगीत काचा. अमुक रोगाला अमुक रंग, असा सगळा हिशेब. हजारो लोकांनी ते घेतले. मधुमेही माणसे इन्शुलिन टाकून रंगीत उजेडात बसू लागली, तेव्हा सरकारला लक्ष घालावे लागले. १९४७ साली न्यायालयाने घडियालींना दोषी ठरवले. त्या गृहस्थाचा स्वतःच्या यंत्रावर विश्वास नव्हता असे मला वाटत नाही. विश्वास अगदी भरपूर होता. नव्हती ती एकच गोष्ट, खऱ्या यंत्राची खोट्या यंत्राशी तुलना करून पाहण्याची तयारी.

तेव्हा या विषयात एक पाय नोबेल पारितोषिकात आणि दुसरा न्यायालयात आहे. हे लक्षात ठेवून आपण मेंदूकडे वळू.

मेंदू हा ताज्या खरवसासारखा मऊ पदार्थ आहे, आणि तो हाडाच्या पेटीत पाण्यावर तरंगत असतो. डोके एकदम थांबले तरी मेंदू थांबत नाही. तो पुढे जातो, मागे येतो, स्वतःभोवती पिळवटतो. या पिळवटण्यात दूरदूर पसरलेले बारीक मज्जातंतू ताणले जातात. रक्तस्राव झाला तर सीटी स्कॅनमध्ये दिसतो; हे ताणलेले धागे बहुधा दिसत नाहीत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. झोप, भूक, अंगाची उष्णता, दिवस-रात्रीचे भान यांचा कारभार तेथून चालतो. तोही या धक्क्यातून सुटत नाही. झुरिक येथील संशोधकांनी २००७ साली ६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला दुखापत होऊन सहा महिने झाले तरी त्यांतील ४७ जणांच्या झोपेत किंवा जागेपणात काही ना काही बिघाड शिल्लक होता. कोणाला दिवसा आवरत नाही अशी पेंग, कोणाला पूर्वीपेक्षा जास्त झोपेची गरज, कोणाला सततचा थकवा. दुखापतीनंतरच्या पहिल्या दिवसांत, जागेपण टिकवणारे हायपोक्रेटिन नावाचे द्रव्यही, यांपैकी ज्यांचे मेंदूजल तपासले त्यांतील बहुतेकांत, कमी झालेले आढळले होते. म्हणजे सोंगे म्हणून ज्याची संभावना झाली, त्या गृहस्थाच्या थकव्याला मेंदूच्या तळघरात एक पत्ता आहे.

आणि या तळघरापर्यंत उजेडाची वार्ता नेणारी एक वाट डोळ्यातून जाते. ही वाट सापडली त्याची हकिगत मोठी मनोरंजक आहे. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात, शलाका आणि शंकू, असे आपण सर्वजण शाळेत शिकलो. अंधुक उजेडासाठी शलाका, रंगांसाठी शंकू, आणि तेथे धडा संपला. पण १९९५ साली चार्ल्स साइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अकरा पूर्ण अंध व्यक्तींची परीक्षा केली. रात्री त्यांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला. रात्रीच्या वेळी मेंदूत मेलॅटोनिन नावाचे द्रव्य स्रवते आणि उजेड पडला की त्याचे प्रमाण उतरते, हे आधी ठाऊक होते. या अकरांपैकी तिघांचे मेलॅटोनिन उतरले! त्यांना उजेडाचा कवडसाही दिसत नव्हता, तरी त्यांच्या मेंदूला ‘दिवस उगवला’ हे कळत होते. डोळे बांधले, तेव्हा ते कळेनासे झाले. म्हणजे डोळ्यात पाहण्याखेरीज दुसरे काही काम चालू होते.

ते काम करणारे द्रव्य प्रथम सापडले ते बेडकाच्या कातडीत, १९९८ साली. त्याचे नाव मेलॅनॉप्सिन. पुढे डोळ्याच्या पडद्यातही ते आढळले, आणि २००२ साली ब्राउन विद्यापीठातील डेव्हिड बर्सन यांनी दाखवून दिले की पडद्यातील काही थोड्या मज्जापेशी शलाका-शंकूंच्या मदतीवाचून स्वतःच प्रकाश ओळखतात. दीडशे वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून पाहिला जात होता आणि ही तिसरी मंडळी कोणाच्या नजरेस आली नव्हती. या पेशींना सर्वांत अधिक जाग येते ती सुमारे ४८० नॅनोमीटर लहरीच्या, म्हणजे आकाशासारख्या निळ्या प्रकाशाने. त्यांचे तंतू थेट हायपोथॅलॅमसमधल्या एका चिमुकल्या केंद्रात जातात. तेथे सुमारे वीस हजार पेशी आहेत, आणि आपल्या देहाचे मुख्य घड्याळ तेच.

हे घड्याळ चोवीस तासांत किंचित मागे पडते. पूर्वी घरोघरी भिंतीवर लंबकाची घड्याळे असत. ती रोज थोडी मागे पडत आणि घरातले एखादे शिस्तीचे माणूस नेमाने काटा पुढे सरकवी. देहाच्या घड्याळाचा काटा पुढे सरकवतो तो सकाळचा उजेड. उलट रात्री उशिराचा उजेड तो मागे ओढतो. प्रकाशाला औषध म्हणावयाचे तर ते असे औषध आहे, की ज्याचा गुण मात्रेइतकाच घेण्याच्या वेळेवर अवलंबून आहे. सकाळी गुणकारी असलेला दिवा रात्री दहा वाजता अपाय करतो. जाहिरातीत ही गोष्ट क्वचित सांगितलेली असते.

आता मूळ प्रश्न. डोक्याला मार बसलेल्या माणसाचे घड्याळ आणि त्याचा जागेपणा या वाटेने सुधारता येतो काय? ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे तीस रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१४ साली आला. रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने रोज सकाळी घरी ४५ मिनिटे निळ्या दिव्यासमोर बसावयाचे, दुसऱ्याने पिवळ्या दिव्यासमोर, तिसऱ्याला काहीच द्यावयाचे नाही. असे चार आठवडे. हा पिवळा दिवा फार महत्त्वाचा. कोणताही नवा उपचार सुरू झाला, कोणी आस्थेने चौकशी करू लागले, रोज ठरलेल्या वेळी उठून बसावे लागले, की एवढ्यानेच माणसाला थोडे बरे वाटते. ते बरे वाटणे खोटे नसते, पण त्याचे श्रेय निळ्या रंगाला देता येत नाही. म्हणून तुलनेला दुसरा दिवा हवा. घडियालींच्या यंत्राच्या बाबतीत राहून गेले ते हेच. मेलबर्नला निळ्या गटातील रुग्णांचा थकवा आणि दिवसाची पेंग कमी झाली. पिवळ्या गटात तसे झाले नाही. परंतु मनाच्या उदासपणात किंवा प्रतिक्रियेच्या चपळाईत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि उपचार थांबवून चार आठवडे होतात तो थकवा पूर्वपदावर येऊ लागला होता.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात विल्यम किलगोर यांनी केला आणि २०२० साली प्रसिद्ध केला. येथे सौम्य दुखापतीचे ३२ रुग्ण होते. काहींना निळा दिवा, काहींना अंबरी रंगाचा. रोज सकाळी अर्धा तास, सहा आठवडे. निळ्या गटाची झोपेची वेळ अलीकडे सरकली, दिवसाची पेंग उतरली, योजना आखून काम पार पाडण्याच्या काही कसोट्यांत ते पुढे गेले. मेंदूच्या चित्रणात थॅलॅमसच्या मागच्या भागाचे आकारमानही वाढलेले आढळले. हा शेवटचा निष्कर्ष वर्तमानपत्रांना अर्थातच अतिशय आवडला. मी त्याला तितके महत्त्व देणार नाही. ३२ माणसांच्या चित्रणात बारीकसा फरक दिसणे आणि मेंदू ‘दुरुस्त’ होणे यांत बरेच अंतर आहे. पण पेंग उतरली ही गोष्ट साधी आणि पटण्यासारखी आहे. शिवाय ती दोन खंडांतल्या दोन निराळ्या प्रयोगशाळांत दिसली.

एवढ्यावरून काय म्हणता येईल? सकाळच्या निळसर उजेडाने डोक्याच्या दुखापतीनंतरचा थकवा आणि दिवसाची झोप काही रुग्णांत कमी होते, असे मानण्यास आधार आहे. तो आधार लहान प्रयोगांचा आहे, आणि उपचार चालू आहे तोवरच गुण, असा संभव दिसतो. स्मरणशक्ती परत येते, चक्कर जाते, चिडचिड जाते, असे यावरून म्हणता येत नाही.

येथे एक मोठी अडचण उभी राहते. ज्या माणसाला उजेड सोसतच नाही, त्याला उजेडासमोर बसवावयाचे कसे? डोक्याला मार बसलेल्या अनेकांना प्रकाश खुपतो, डोके ठणकते. मघा सांगितलेल्या त्या तिसऱ्या मंडळींचाच यात हात असावा. हार्वर्डचे रामी बर्स्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली दाखवले की या पेशींची वार्ता थॅलॅमसमधील वेदना वाहून नेणाऱ्या मज्जापेशींपर्यंतही जाते. त्यांनीच २०१६ साली अर्धशिशीच्या रुग्णांना निरनिराळ्या रंगांचा प्रकाश दाखवला, तेव्हा निळ्या आणि तांबड्या प्रकाशाने ठणका वाढला, हिरव्याने सर्वांत कमी त्रास झाला. म्हणजे जी वाट घड्याळ लावते तीच काहींच्या बाबतीत डोकेदुखीही घेऊन येते. थकवा कमी करावयास आणलेला निळा दिवा पहिल्याच दिवशी अर्धशिशी उठवू शकतो. अशा माणसाला थोड्या वेळापासून, दुरून, आणि न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने सुरुवात करावी लागते. काहींना तो सोसणारच नाही.

आता दुसरा प्रकार, कवटीतून जाणाऱ्या प्रकाशाचा. रात्री दिवे मालवून विजेरीवर तळहात धरा. बोटांच्या कडा लालभडक दिसतात. निळा, हिरवा प्रकाश मांसात अडतो. तांबडा काही प्रमाणात पार होतो. त्याच्याही पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आणखी खोल जातात. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, घरोघरी बोटाला लावावयाचे ते चिमट्यासारखे यंत्र आले, ते याच तत्त्वावर चालते: तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून पार होतो आणि रक्तातील प्राणवायूचा अदमास देतो. १९७७ साली फ्रान्स योबसिस यांनी दाखवले की असे किरण डोक्यातूनही थोडे पार होतात. ‘थोडे’ या शब्दावर जोर द्यावयाचा. केस, कातडी, हाड, रक्त हे सारे वाटेत टोलनाके घालून बसलेले असतात. मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो तो मूळ प्रकाशाचा अगदी अल्प अंश, आणि खोलवरच्या हायपोथॅलॅमसपर्यंत तर जवळजवळ काहीच नाही.

पण एवढ्या अल्प प्रकाशाने काही होईल असे कोणाला वाटले तरी का? त्याचे मूळ बुडापेस्टला आहे. १९६० साली लेझरचा शोध लागला. हा नवा झोत अंगावर पडल्याने कर्करोग तर होत नाही ना, हे तपासण्यासाठी १९६७ च्या सुमारास एन्द्रे मेश्टर यांनी उंदरांच्या पाठी भादरून त्यांवर मंद लेझर टाकला. कर्करोग झाला नाही. झाले ते असे की लेझर पडलेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. या योगायोगातून मंद प्रकाशाने पेशींना चालना देण्याचे एक शास्त्रच निघाले, ज्याला पत्रकांवर ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ असे भारदस्त नाव असते. त्याचे स्पष्टीकरण असे देतात: प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. त्यांतील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे प्रथिन तांबडा आणि अवरक्त प्रकाश शोषून घेते, त्याने भट्टी पुन्हा पेटते, आणि दुखावलेल्या पेशीला दम मिळतो. उपपत्ती म्हणून ती आकर्षक आहे. सर्व तज्ज्ञांना ती मान्य आहे असे नव्हे.

आणि प्रयोगशाळेतली उपपत्ती रुग्णाच्या खाटेपर्यंत येताना काय होते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ते अपघाताचे नसून मेंदूचा रक्तपुरवठा अडून येणाऱ्या पक्षाघाताचे आहे, पण उपचार तोच: डोके भादरून, ठरावीक वीस जागी, प्रत्येकी दोन मिनिटे अवरक्त लेझर. २००७ साली पहिल्या चाचणीचा निकाल आला. १२० रुग्ण, खरा उपचार झालेल्यांत ७० टक्के चांगले सुधारले, लटका उपचार झालेल्यांत ५१ टक्के. सर्वांना हर्ष झाला. २००९ साली ६६० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीचा निकाल आला. फरक उपचाराच्याच बाजूने होता, पण एवढा लहान की तो निव्वळ योगायोगाचाही असू शकला असता. मग तिसरी, निर्णायक म्हणून योजलेली चाचणी. ५६६ रुग्णांचे निकाल हाती आल्यावर देखरेख मंडळाने आकडे उघडून पाहिले. खरा उपचार झालेल्या २८२ जणांपैकी १४० सुधारले होते, लटका उपचार झालेल्या २८४ जणांपैकीही १४०. चाचणी तेथेच थांबवण्यात आली. मला हे दोन ‘एकशे चाळीस’ फार बोलके वाटतात. पहिल्या चाचणीवर थांबून यंत्रे विकावयास काढली असती, तर आज घरोघरी ती असती आणि बरे झालेल्या निम्म्या लोकांनी त्यांची प्रशस्तिपत्रे लिहून दिली असती.

अपघाताच्या दुखापतीचे काय? बॉस्टन येथे मार्गारेट नेसर यांनी २०१४ साली अकरा जुन्या रुग्णांवर सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, तांबड्या आणि अवरक्त दिव्यांचा उपचार केला. त्यांच्या स्मरणाच्या आणि अवधानाच्या कसोट्या सुधारल्या. परंतु येथे लटक्या दिव्याचा गटच नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. कसोटी दुसऱ्यांदा दिली की माणूस तशीही ती थोडी बरी देतो. त्याच शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने ६८ रुग्णांवर लटक्या उपचाराशी तुलना करून चाचणी केली आणि २०२० साली तिचा निकाल दिला. दुखापतीनंतर तीन दिवसांच्या आत अवरक्त दिव्यांचे शिरस्त्राण चढवावयाचे. उपचाराने अपाय झाला नाही. मेंदूच्या चित्रणात काही फरक आढळले, त्यावरून प्रकाशाचा मेंदूवर काहीतरी परिणाम होत असावा असे संशोधकांना वाटले. पण रुग्णाच्या तक्रारींत, ज्यासाठी हा सारा खटाटोप, दोन गटांत निश्चित म्हणावा असा फरक निघाला नाही. संशोधन चालू आहे, ते चालू राहिलेच पाहिजे. पण घरातली पुंजी मोडून आज शिरस्त्राण घ्यावे, असे मी कोणाला सांगू शकत नाही.

मग उजेड खुपणाऱ्या, दमलेल्या त्या गृहस्थाने करावे काय? आपल्याकडे एक जुनी रीत आहे. दुखणाईत माणसाला माजघरात निजवावयाचे, खिडक्या लावावयाच्या, कोणी बोलावयाचे नाही. डॉक्टरही पुष्कळ वर्षे असाच सल्ला देत. २०१५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील एका अभ्यासाने तो पाया हलवला. डोक्याला मार लागलेल्या मुलांपैकी आणि तरुणांपैकी काहींना पाच दिवस सक्त विश्रांती सांगितली, काहींना एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू नित्यक्रम. पाच दिवस पडून राहिलेल्यांनी तक्रारी अधिक सांगितल्या आणि त्या ओसरायला वेळही अधिक लागला. उलट मोबाइलचा आणि दूरचित्रवाणीचा पडदा पहिले दोन दिवस टाळणे मात्र हिताचे ठरते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १२५ रुग्णांच्या चाचणीत पडदा टाळणारे साधारण साडेतीन दिवसांत सावरले, न टाळणाऱ्यांना आठ दिवस लागले. तेव्हा अंधाऱ्या खोलीत मोबाइल पाहत पडून राहणे, जे आज बहुतेक घरांत चालते, ते दोन्ही बाजूंनी उलटे आहे. सकाळी उजेड नाही आणि रात्री डोळ्यांपुढे उजेड.

घरातल्या दिव्यांचा प्रकाश साधारणतः १०० ते ३०० लक्स असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स मिळतात, आणि उघड्या आकाशाखाली सकाळी त्याच्या कितीतरी पट. उपचाराच्या प्रयोगांत दिवे वापरले, कारण उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात सकाळ उजाडतच नाही आणि प्रयोगाला मात्रा नेमकी लागते. आपल्याकडचे ऊन त्या दिव्याची जागा घेईल, हे डोक्याच्या दुखापतीपुरते कोणी तपासून सिद्ध केलेले नाही. तो माझा तर्क आहे. पण देहाच्या घड्याळाविषयी जे ठाऊक आहे त्याला धरून तो आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. उठल्यावर तासाभरात ओसरीत, गॅलरीत किंवा गच्चीवर अर्धा तास बसावे किंवा चालावे. सूर्याकडे पाहावयाचे नाही. उजेड खुपत असेल तर डोळ्यांवर पुढे छज्जा असलेली टोपी घालून, पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. घरात मात्र दिवसभर काळा चष्मा लावून बसू नये. डोळा अंधाराला सरावतो आणि मग साधा उजेडही सोसेनासा होतो. संध्याकाळी सातनंतर दिवे मंद आणि पिवळसर ठेवावे.

दिवा घ्यावयाचाच असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाने किंवा अन्य कारणाने डोळ्याचा पडदा बिघडला असेल, कातडी किंवा डोळे प्रकाशाला हळवे करणारी औषधे चालू असतील, पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला असेल, तर सल्ल्यावाचून दिव्यासमोर बसणे धोक्याचे आहे. उन्मादाची प्रवृत्ती असलेल्या माणसात तीव्र प्रकाशाने झटका उफाळलेला आहे. आणि वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, वाढती गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा, एक बाहुली दुसरीहून मोठी दिसणे यांपैकी काही आढळले तर ताबडतोब इस्पितळ गाठावे. वयस्कर माणसात, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, किरकोळ वाटलेल्या मारानंतर कित्येक आठवड्यांनीही कवटीत रक्त साचून ही लक्षणे दिसू शकतात.

आणखी एक. ज्याला हा त्रास आहे त्याच्या घरच्यांनी एक वही घालावी. रात्री किती वाजता झोप लागली, सकाळी केव्हा जाग आली, दिवसा केव्हा पेंग आली, उजेडात किती वेळ बसणे झाले, डोके दुखले का, एवढ्या पाच गोष्टी रोज लिहाव्या. पहिले दोन आठवडे काहीच बदल न करता लिहावे, नंतर सकाळचा उजेड सुरू करावा. महिन्याभराने ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर उपचाराचा गुण येतो आहे की नाही ते तिच्यातून दिसेल. आणि ती रोज लिहिणाऱ्या भावाला किंवा बायकोला, अकरा वाजता थकणारा हा माणूस नेमका किती वाजता थकतो, हे त्या निमित्ताने प्रथमच कळेल.